उजव्या हातावरचा पट्टा

वाचकांचे प्रश्न : मुद्राचित्रं आणि जुने कागद

या अंकात तीनच पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्रानंतर मागवलेल्या फोटोंनी मला दोन रात्री जागं ठेवलं, त्यामुळे त्याचं उत्तर बरंच लांबलं आहे. बाकीची दोन पत्रंही त्याच विषयाच्या आसपासची निघाली.

प्रश्न : आमच्या सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक चित्र विकत घेतलं होतं. वीतभर उंचीचं, काळ्या रेघांचं. एक म्हातारा, डोक्यावरून घेतलेली पांढरी शाल, कपाळावर छोटी काळी डबी, डोळे मिटलेले, हातात उघडं पुस्तक आणि हातावर गुंडाळलेला पट्टा. खाली एकोणिसाव्या शतकातलं साल आणि न लागणारी सही. हे एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यात अॅसिडनं रेघा खोदून त्यावरून छापलेलं चित्र, असं सासरे सांगायचे. परवा आलेल्या एका जाणकार गृहस्थांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हा ज्यू माणूस आहे आणि ज्यू लोक हा पट्टा डाव्या हाताला बांधतात. इथे उजव्या हाताला आहे. म्हणजे काढणाऱ्यानं प्रार्थना कधी पाहिलेलीच नाही, नाहीतर चित्र नकली आहे." तेव्हापासून त्या चित्राकडे बघवत नाही. सासऱ्यांचा त्याच्यावर फार जीव होता. ते फसले होते का?

उत्तर : ताई, सासरे फसले नव्हते. हे आधी सांगून टाकते, कारणं मागाहून.

तुमचं पत्र आल्यावर मी तुमच्याकडे चार फोटो मागितले होते : भिंगातून काढलेले, आणि टॉर्च बाजूनं, कागदाला जवळजवळ टेकवून धरलेली. तुमच्या मुलानं ते इतके नीट काढून पाठवले की चित्र माझ्याच टेबलावर असल्यासारखं वाटलं. चौतीस वर्षं मी एचिंगच्या प्रेसपाशी काढली आहेत. शाईच्या रेघेनं कागदावर उभं कसं राहावं, हे बोटांना कळतं. तुमच्या चित्रात ती उभी आहे. टॉर्चच्या तिरक्या उजेडात कोटाच्या काळ्या रेघांची बारीक सावली पडलेली दिसते. चारी बाजूंनी पत्र्याच्या कडेचा दाबही स्पष्ट आहे. नुसत्या त्या दाबावर मी विसंबले नसते, कारण फोटोवरून पत्रा बनवून छापलेल्या चित्राला, म्हणजे ग्रॅव्ह्यूरलाही, तो असतो. पण ग्रॅव्ह्यूरमध्ये भिंगाखाली बारीक कणांची रवाळ पोत दिसते, आणि छापील पुस्तकातल्या चित्रात ठिपक्यांची जाळी. तुमच्याकडे दोन्ही नाही. नुसत्या रेघा आहेत, आणि त्यांची टोकं बोथट आहेत. हत्यारानं धातू कोरून काढलेली रेघ टोकाला निमुळती होत जाते, कारण हत्यार आत शिरतं आणि बाहेर येतं. अॅसिडनं खाल्लेली रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच खाल्ली जाते, म्हणून ती जिथे थांबते तिथे गोलसर थांबते. हे एचिंगच आहे.

आता हाताकडे येऊ. त्या गृहस्थांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. चामड्याच्या या डब्यांना आणि पट्ट्यांना तेफिलीन म्हणतात. डब्यांच्या आत चर्मपत्रावर हातानं लिहिलेली वचनं असतात. एक डबी कपाळाच्या वर, केसांच्या रेषेपाशी येते. दुसरी दंडावर, हृदयाकडच्या अंगाला. तिथून निघालेला पट्टा कोपरापासून मनगटापर्यंत सात वेढे घेऊन खाली येतो आणि मधल्या बोटाला गुंडाळतात. उजवा हात चालवणारा माणूस तेफिलीन डाव्या हातावर बांधतो. तेव्हा उजव्या हातावरचा पट्टा बघून त्यांना खटकलं, हे अगदी साहजिक आहे.

पण हे चित्र कागदावर काढलेलं नाही. चित्रकारानं तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेतला, त्यावर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ थर दिला, तो मेणबत्तीच्या धुरावर काळा केला आणि सुईनं त्या थरात चित्र काढलं. सुई जिथे फिरली तिथे तांबं उघडं पडलं. मग पत्रा अॅसिडमध्ये ठेवला आणि उघडं पडलेलं तांबं खाल्लं गेलं. थर पुसून पत्र्यावर शाई भरली, वरवरची शाई जाळीदार कापडानं पुसून काढली, खाचांतली तेवढी राहिली. ओला कागद त्यावर पालथा घालून प्रेसच्या रुळांखालून काढला. कागद पालथा पडला की डावं ते उजवं होतं. पत्र्यावर डाव्या हाताला असलेला पट्टा कागदावर उजव्या हाताला येणार, दुसरं काही होऊच शकत नाही.

माझ्या पहिल्या पत्र्यावर मी आईला काढलं होतं. तिच्या डाव्या गालावर तीळ होता. ठसा ओढला तर तीळ उजव्या गालावर. मला रडू कोसळलं, महिनाभराचं काम वाया गेलं असं वाटलं. आईनं तो ओला कागद दोन बोटांत धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही मी आरशातली. मला हीच माहीत आहे." आपला स्वतःचा चेहरा आपण जन्मभर उलटाच बघतो. तुमच्या चित्रातल्या म्हाताऱ्याला कुणी हा ठसा दाखवला असेल, तर त्यालाही आपण आरशात दिसतो तसेच आहोत असं वाटलं असेल.

थोरामोठ्यांच्या हातूनही हे घडलेलं आहे. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट यानं १६५० मध्ये एका शंखाचं एचिंग केलं. कोनस जातीचा, काळ्या-पांढऱ्या नक्षीचा शंख. खऱ्या शंखाचा पीळ ज्या दिशेनं जातो त्याच्या बरोबर उलट दिशेनं तो ठशात जातो, कारण समोर दिसला तसाच त्यानं पत्र्यावर काढला. गंमत म्हणजे सही मात्र सुलटी वाचता येते. म्हणजे अक्षरं उलटी लिहायची हे त्याच्या लक्षात होतं. एकोणिसाव्या शतकातला चित्रकार व्हिसलर तर पत्रा घेऊन नदीकाठी बसायचा आणि समोरचं दृश्य थेट तांब्यावर उतरवायचा. त्याच्या कितीतरी ठशांत नदीचे काठ अदलाबदल झालेले आहेत. त्याची त्यानं पर्वा केली नाही.

तुमच्या चित्रातलं सालही सुलटं वाचता येतं. म्हणजे या चित्रकारालाही उलटापालट ठाऊक होती. हवं असतं तर त्याला म्हाताऱ्याशेजारी आरसा ठेवून आरशातलं बिंब काढता आलं असतं. तशी पद्धत होतीच. दुसऱ्याच्या रंगचित्रावरून एचिंग करणारे कारागीर तर बहुधा उलटं रेखाटन करूनच पत्र्यावर घ्यायचे, म्हणजे ठसा मूळ चित्राबरहुकूम सुलटा यावा. इथे तसं झालेलं नाही. माझा कल असा आहे, की तो त्या माणसासमोर बसला होता आणि पत्रा त्याच्या मांडीवर होता.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा तर्क झाला. म्हातारा डावखुरा असू शकतो. डावखुरे लोक तेफिलीन उजव्या हातावरच बांधतात. मग आरशाची गोष्ट खरी की डावखुऱ्याची? पहिल्या रात्री मी इथेच अडकले.

दुसऱ्या रात्री तिसरा फोटो मोठा करून पाहिला, कपाळावरच्या डबीचा. प्रत्यक्ष चित्रात ती डबी तुरीच्या दाण्याहून फार मोठी नसेल. डोक्याच्या तेफिलीनवर दोन्ही बाजूंना हिब्रूतलं 'शिन' हे अक्षर चामड्यातच उठवलेलं असतं. ते त्रिशुळासारखं दिसतं, खालून एकत्र येणारे तीन उभे फाटे. पण ही तीन फाट्यांची शिन बांधणाऱ्याच्या उजव्या बाजूलाच असते. डाव्या बाजूच्या शिनला चार फाटे असतात. माणूस डावखुरा असला तर हातावरचं तेफिलीन बाजू बदलतं, डोक्यावरचं बदलत नाही. तुमच्या चित्रात म्हातारा किंचित वळलेला आहे आणि डबीची, दिसायला, त्याची उजवी बाजू आपल्याकडे आहे. तिथे भिंगाखाली मी फाटे मोजले. चार आहेत. पुन्हा मोजले, तरी चारच.

म्हणजे जी उजवी बाजू दिसते आहे ती खरी डावी आहे. अख्खं चित्र उलटलेलं आहे. पट्टा खरोखर डाव्याच हातावर होता. आणि ज्यानं दाण्याएवढ्या डबीवर तीनऐवजी चार रेघा ओढल्या, त्यानं प्रार्थना पाहिलेली नाही असं कोण म्हणेल? ऐकीव माहितीवर काढणाऱ्यानं नेहमीची तीन फाट्यांची शिन काढली असती, किंवा नुसता काळा चौकोन ठेवला असता. ते मोजून झाल्यावर रात्री एक वाजता मी उठून चहा केला, इतका आनंद झाला.

मग उरलेलं चित्र वाचायला घेतलं. हातावरचे वेढे मोजले, पाच दिसतात. वरचे दोन बाहीच्या दुमडीखाली गेलेले असणार. तेफिलीन शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणाच्या दिवशी बांधत नाहीत, आणि ते सकाळच्या प्रार्थनेला बांधतात. त्यामुळे तुमच्याकडे जी वेळ आहे ती आठवड्यातल्या साध्या कामाच्या दिवसाची सकाळ आहे. मॉरिसी गॉटलीब या तरुण चित्रकाराचं १८७८ चं मोठं तैलचित्र आहे, योम किप्पूरच्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जमलेल्या लोकांचं. पुढच्याच वर्षी, तेविसाव्या वर्षी तो गेला. त्या चित्रात शाली आहेत, ग्रंथ आहे, पण कुणाच्या कपाळावर डबी नाही, कारण तोही सणाचाच दिवस, वर्षातला सर्वांत मोठा उपवासाचा. तुमचा म्हातारा सणाच्या गर्दीत नाही. तो एकटा आहे, रोजच्यासारखा उठलाय, आणि पुस्तक उघडं असून डोळे मिटलेत. त्याला ते पाठ आहे.

आणि शाल! तल्लीत म्हणतात तिला, चार कोपऱ्यांना गाठींचे गोंडे असतात. तुम्ही लिहिलंय, "पांढरी शाल किती सुंदर काढली आहे." ताई, ती काढलेलीच नाही. एचिंगमध्ये पांढरा रंग नसतो, पांढरं म्हणजे कागद. त्यानं शालीमागचा अंधार आडव्या-उभ्या रेघांनी भरत आणला, दाढीच्या कडेपाशी थांबला, कपाळावरच्या घडीसाठी पाच-सहा हलक्या रेघा दिल्या, काठाचे काळे पट्टे ओढले आणि बाकी सगळं सोडून दिलं. कोट तीनदा तरी अॅसिडमध्ये गेला असावा, इतका काळा आहे. कपाळ बहुधा पहिल्याच डुबकीनंतर वार्निशनं झाकून टाकलं असेल, म्हणून तिथल्या रेघा केसासारख्या राहिल्या. त्या माणसाचं म्हातारपण अशा रीतीनं मिनिटांत मोजून काढलेलं आहे : कपाळ थोडी मिनिटं, हात जास्त, कोट सगळ्यांत जास्त.

शालीवर जे चार-पाच काळे ठिपके आहेत त्यांना तुम्ही कीड समजलात. ते खोडायला जाऊ नका. मेणाच्या थराला सुईच्या टोकाएवढी भोकं राहिली की अॅसिड तिथेही तांबं खातं आणि ठशात असे ठिपके येतात. तिरक्या उजेडात तेही रेघांसारखेच वर उठून दिसतात, म्हणजे ते शाईचे आहेत, घाणीचे नाहीत. पत्रा घासून ते घालवता आले असते. त्यानं घालवले नाहीत. पांढऱ्या शालीच्या जागी पुन्हा हत्यार लावायची त्याची हिंमत झाली नसावी, असं मला वाटतं. मलाही झाली नसती.

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातली एचिंग्ज पाहताना प्रार्थना करणारी म्हातारी माणसं वारंवार दिसतात. तोपर्यंत फोटोग्राफी आली होती. मग एवढा खटाटोप करून म्हाताऱ्यांचेच चेहरे तांब्यावर कशाला कोरायचे?

उत्तर : फोटोग्राफी आली म्हणूनच. १८३९ मध्ये तिची जाहीर घोषणा झाली आणि वीस वर्षांत हुबेहूब चेहरा देण्याचं काम तिनं ताब्यात घेतलं. त्याआधी एचिंग हे बऱ्याच अंशी चित्रांच्या नकला छापण्याचं साधन झालं होतं. ते काम हातून जाऊ लागल्यावर चित्रकारांना त्यातली सुई पुन्हा सापडली. पॅरिसमध्ये १८६२ साली प्रकाशक काडार यानं एचिंग करणाऱ्यांची संस्था काढली. माने, ब्राकमाँ, लग्रो ही मंडळी त्यात होती. त्यांचा आदर्श होता रेम्ब्रांट, आणि रेम्ब्रांटच्या पत्र्यांवर म्हातारे ठायी ठायी भेटतात. सुरकुती ही मुळातच रेघ आहे, सुईला याहून जवळचा विषय कुठला मिळणार?

अल्फाँस लग्रोचं नाव इथे घ्यायलाच हवं. जन्म १८३७, फ्रान्समधल्या दिजाँचा. १८६३ मध्ये लंडनला गेला आणि तिथलाच झाला. भिकारी, भिक्षू, लाकूडतोडे, चर्चमध्ये गुडघे टेकलेले गरीब लोक, हेच त्यानं जन्मभर केलं. तो प्रार्थना करणाऱ्याला सुंदर करत नाही. त्याच्या माणसांचे हात राबून जड झालेले असतात आणि जोडल्यावर नीट जुळत नाहीत. मला तो त्या काळातल्या सगळ्यांत प्रामाणिक एचिंगवाल्यांपैकी वाटतो, आणि त्याचं नाव आज इतकं कमी घेतलं जातं याचं वाईट वाटतं.

दुसरं कारण साधं आहे. प्रार्थना करणारा माणूस हलत नाही, आणि म्हातारा माणूस बसायला तयार असतो. व्हॅन गॉग १८८२ मध्ये हेगला होता तेव्हा वृद्धाश्रमातला एक पेन्शनर सैनिक थोड्या पैशांत त्याच्यासमोर येऊन बसायचा. त्याच वर्षी व्हॅन गॉगनं जेवणाआधी प्रार्थना करणारा म्हातारा काढला, आणि खुर्चीत वाकून दोन्ही मुठींत तोंड लपवलेला म्हाताराही. हा दुसरा त्यानं दगडावरून लिथोग्राफ करून छापला. एचिंग त्यानं आयुष्यात एकच केलं, १८९० मध्ये, पाइप ओढणाऱ्या डॉक्टर गाशेचं. जर्मनीत विल्हेल्म लाइब्लनं बेर्बलिंग गावच्या चर्चमध्ये प्रार्थना करणाऱ्या तीन वयांच्या तीन बायका रंगवायला घेतल्या, १८७८ ला सुरू केलेलं ते चित्र १८८२ ला पुरं झालं. हे तैलचित्र आहे, एचिंग नव्हे, तरी ते इथे आणलं, कारण एवढी वर्षं त्या बायका त्याच्यासाठी येऊन बसत राहिल्या.

काही जण बाजारासाठीही असे विषय करत, हेही खरं. १८५० च्या दशकाच्या अखेरीस तांब्याच्या पत्र्यावर विजेच्या साहाय्यानं लोखंडाचा अतिशय पातळ थर चढवायची युक्ती निघाली आणि एकाच पत्र्यावरून पुष्कळ जास्त ठसे निघू लागले. भाविक म्हातारा भिंतीवर शोभतो, खपतो. अशा खपाऊ चित्रांत डोळे हटकून वर आभाळाकडे लागलेले असतात आणि कुठून तरी एक किरण आलेला असतो. वरच्या पत्रातल्या ताईंच्या चित्रात किरण नाही, म्हणून मी त्या चित्रकाराला मानते.

प्रश्न : बाई, मी कलाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांचं डोळे मिटून बसलेलं एचिंग करतोय, तांब्यावर, फेरिक क्लोराईडच्या (तांबं खाणाऱ्या) द्रावणात. मिटलेल्या पापणीपाशी खूप बारीक रेघा घातल्या, गडद यावं म्हणून जास्त वेळ ठेवलं. तर तिथे काळं येण्याऐवजी मधे करडा डाग आणि कडेला काळी किनार येते. शाई वाढवून पाहिली, फरक नाही.

उत्तर : शाई वाढवून फरक पडणार नाही, कारण शाईला बसायला जागाच उरलेली नाही. तू रेघा इतक्या जवळ घेतल्यास की अॅसिडनं मधल्या भिंती खाऊन टाकल्या. आता तिथे खाचा नाहीत, एक उथळ ताटली आहे. पुसताना कापड ताटलीच्या तळापर्यंत पोचतं आणि शाई उचलून नेतं. कडेला तेवढी अडकते, ती तुझी काळी किनार. नखाचं टोक हळूच त्यावरून फिरव, खड्डा लागेल.

हा पत्रा टाकू नकोस. स्क्रेपरनं खरवडून त्या जागेच्या कडा उतरत्या कर, मग तेलाचा थेंब घेऊन बर्निशरनं घोटत राहा. भुवईपासून गालापर्यंत उतार एकसारखा लागला पाहिजे. खळगा फारच खोल असेल तर मागून हलके ठोके देऊन पत्रा वर उचलावा लागतो. ते तुझ्या शिक्षकांना समोर उभं करून कर. नंतर नवा थर देऊन पापणी पुन्हा काढ, आणि या वेळी निम्म्याच रेघा घे. एका बाजूच्या रेघा आधी काढ, थोडं खाऊ दे, बाहेर काढून धू, मग गरजेपुरत्या आडव्या घाल. पापणीचा वरचा फुगवटा पहिल्या डुबकीनंतर लगेच वार्निशनं झाक. दोन पापण्या मिळतात ती एकच रेघ शेवटपर्यंत उघडी राहू दे. मिटलेल्या डोळ्यातलं काळं तेवढंच असतं, बाकी सगळी कातडी. फेरिकमध्ये खाचेत गाळ साठतो, म्हणून पत्रा पालथा किंवा तिरका ठेव. मिनिटं मी सांगत नाही. ती द्रावणाच्या ताकदीवर आणि त्या दिवशीच्या गारव्यावर ठरतात. त्याच तांब्याची एक पट्टी घे, तीवर अशाच रेघा काढ आणि टप्प्याटप्प्यानं झाकत जा. ही पट्टी छापून समोर टांगून ठेव. तुझं घड्याळ ते.

लग्रो १८७६ ते १८९२ लंडनच्या स्लेड कलाशाळेत प्राध्यापक होता आणि त्याला इंग्रजी धड बोलता येत नसे. तो मुलांसमोर बसून मॉडेलचं डोकं काढून दाखवायचा, मुलं बघत राहायची. तूही आजोबांसमोर पत्रा नेण्याआधी महिनाभर नुसतं बघ. पापणी मिटलेली असली तरी खाली बुबुळाचा गोल असतो, आणि नामस्मरण करताना तो किंचित हलतो. तो फुगवटा कुठे आहे हे कळलं की निम्म्या रेघा तू आपोआप सोडून देशील.

ताईंच्या पत्रातली शेवटची ओळ मी मुद्दाम मागे ठेवली होती. त्या लिहितात, "फ्रेमवाला म्हणतो, भोवतीचा पिवळा कागद कापून टाकू आणि लॅमिनेट करून देऊ, म्हणजे कायमचं टिकेल."

ताई, चित्र आजच परत आणा. माझ्याकडे एका जुन्या एचिंगचा ठसा होता, आईच्या पहिल्या ठशाइतकाच मला जवळचा. वीस वर्षांपूर्वी तो एका फ्रेमवाल्याकडे दिला आणि "सुबक दिसावं" म्हणून त्यानं पत्र्याच्या दाबापर्यंत समास कापून टाकला. त्या समासात पेन्सिलीनं केलेली सही होती. ती सहीची पट्टी त्याच्या दुकानातल्या केराबरोबर गेली. एवढं खरं, की व्हिसलर स्वतः आपले ठसे दाबापर्यंत कापायचा आणि सहीपुरतं एक छोटं शेपूट राखायचा. पण ते त्याचं त्यानं केलं. तुमच्या चित्राचा समास चित्रकारानं ठेवलाय, तो राहू द्या. लॅमिनेशन तर अजिबात नको. उष्णतेनं आणि दाबानं उभी शाई चपटी होते, आणि ते प्लास्टिक पुन्हा सुटत नाही.

ऍसिड-फ्री माउंटबोर्ड घ्यायला सांगा, पुढे खिडकी कापलेला आणि मागे अखंड. चित्र वरच्या दोन ठिकाणी जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी टांगायचं, गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं. चिकटपट्टी कुठलीही नको. काच कागदाला टेकता कामा नये. समासातले तपकिरी डाग बुरशीचे आणि कागदातल्या लोहकणांचे असतात. ते ब्लीचनं घालवायचा मोह टाळा आणि दमट भिंत टाळा. ऊन तर नकोच, संग्रहालयं अशा कागदांवर ५० लक्सच्या (उजेड मोजायचं माप) आसपास, म्हणजे मंदच, उजेड ठेवतात. दिवाणखान्यात दिव्याखाली लावण्यापेक्षा ज्या खोलीत सकाळी मंद उजेड येतो तिथे लावा.

आणि सासऱ्यांनी ते कुठून, कधी घेतलं, तुम्हाला ते काय सांगत असत, हे मऊ पेन्सिलीनं माउंटच्या मागच्या बाजूला लिहा. चित्राच्या कागदावर नको. त्याच्याच खाली डबीवरच्या चार फाट्यांचंही लिहून ठेवा. परवाचे गृहस्थ पुन्हा आले तर भिंग द्या त्यांच्या हातात.